आनंदवनात सोय होईल का?

पुण्याहून नात्यातल्या एका वहिनींचा फोन आला. त्यांच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या दंडावर फिकट चट्टा उठला होता. महापालिकेच्या दवाखान्यात दाखवला तेव्हा कुष्ठरोगाचं निदान झालं, आणि मावशींनी ते प्रामाणिकपणे येऊन वहिनींना सांगितलं. वहिनींचा आवाज रडवेला होता. "इतकी वर्षं आहेत गं आमच्याकडे. आमच्या धाकट्याला त्यांनीच भरवलंय. तू अमरावतीची, त्यातून याच क्षेत्रातली. आनंदवनात त्यांची सोय होईल का? खर्चाची काळजी करू नकोस, तो आम्ही देऊ."

वहिनी मनाने चांगल्या आहेत आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. वाईट मालकीण अशा बाईचा त्याच दिवशी हिशेब करून टाकते. चांगली मालकीण बाबा आमट्यांनी वरोऱ्याला वसवलेल्या आनंदवनाचा पत्ता शोधते. मावशींच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत फरक थोडाच आहे. काम जातं, घर सुटतं, आणि आजवर पदराखाली झाकलेली गोष्ट सगळ्या वस्तीला कळते. मी वहिनींना एवढंच विचारलं की गोळ्या सुरू झाल्या का. झाल्या होत्या. मग उद्या सकाळी त्यांना पोळ्यांना येऊ द्या, असं म्हटलं. पलीकडून बराच वेळ कोणी बोललं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर अमरावतीचं. डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभारलेलं तपोवन आमच्या गावाचं भूषण. आमच्या घरी दाजीसाहेबांचं नाव हात जोडून घेतलं जायचं, आणि तपोवनाच्या रस्त्याने जाताना आजी माझा हात नेहमीपेक्षा घट्ट धरायची. या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नव्हतं. आज महाराष्ट्रात कुष्ठरोगाबद्दल जे काही चाललं आहे, ते मला आजीच्या त्या दोन हातांसारखं दिसतं. एक जोडलेला, दुसरा आवळलेला.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी बंगालमध्ये आले. तो तेल कंपनीच्या डेपोत, म्हणून आमचं घर बजबजला. सियालदहहून दक्षिणेला निघालेली लोकल जिथे संपते ते हे गाव. हुगळीचा काठ, तेलाच्या टाक्या, ज्यूट गिरण्यांच्या जुन्या भिंती, पलीकडे बाउडियाला जाणारी होडी. परदेशातून परतलेले विवेकानंद १८९७ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये उतरले ते इथेच. १९१४ मध्ये कॅनडाने परत पाठवलेलं कोमागाता मारू जहाज इथेच लागलं आणि त्यातल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. स्टेशनच्या नावात आता त्या जहाजाचं नाव आहे. गीतांजली एक्स्प्रेस बडनेऱ्याला थांबते, त्यामुळे माहेर तुटलं नाही. इथे एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्यात मी कुष्ठरुग्णांचे हातपाय बघते.

महेशतला आणि मटियाबुर्ज हा सगळा पट्टा शिलाईचा. कोलकात्याच्या घाऊक बाजारातले तयार कपडे इथल्या घराघरांत शिवले जातात. अशाच एका कारखान्यातला तरुण आमच्याकडे आला तो हातासाठी नव्हे, तर मालकाने ओरडून पाठवलं म्हणून. शर्टांच्या कॉलरवर रक्ताचे बारीक डाग पडत होते. सुई बोटात शिरत होती आणि याला कळत नव्हतं. तो स्वतः त्याला कौशल्य समजत होता. इतर पोरं सुई टोचली की हात झटकतात, आपण झटकत नाही, आपला हात बसला आहे, असं त्याला वाटायचं. मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनच्या टोकाने करंगळीला हलकेच स्पर्श केला. तो वाट बघत होता की दिदी कधी सुरुवात करणार.

हा रोग अंगावर येतो तो असा, चोरपावलांनी. दुखत असतं तर माणूस धावत आला असता. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने शोधलेला हा जंतू फार सावकाश वाढतो. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. त्याला थंड जागा आवडतात, म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळच्या नसांत घर करतो. फिकट किंवा लालसर चट्टा दिसतो, तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर संवेदना कमी असते. माणूस मेडिकलच्या दुकानातून गजकर्णाचं मलम आणतो, मलमात स्टेरॉइड असतं, चट्टा थोडा फिका पडतो, माणूस खूश. तोवर जंतू नसेत. कोपर आपटल्यावर जिथून झिणझिण्या येतात, त्या नसेवर बोट फिरवलं तर ती सुतळीसारखी जाड लागते. माझ्या शिलाईवाल्याची लागत होती.

त्याला आधी तीन डॉक्टरांनी पाहिलं होतं. कोणीही कोपराला हात लावला नव्हता.

आता आनंदवनाकडे येते, कारण मराठी माणसाचा कुष्ठरोग आनंदवनात सुरू होतो आणि तिथेच संपतो. गंमत म्हणजे आनंदवनाचा एक धागा इथे, माझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर, कोलकात्यात आहे. १९४९ मध्ये बाबा आमटे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला आले होते. वरोऱ्याचा वकील, नगरपालिकेचा माजी उपाध्यक्ष, डॉक्टरांच्या वर्गात बसला. सर लिओनार्ड रॉजर्स आणि डॉ. अर्नेस्ट म्यूर यांच्यामुळे ही संस्था विसाच्या दशकापासून कुष्ठरोगाच्या संशोधनाचं जगातलं एक मोठं केंद्र होती. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवता येत नाही ही तेव्हाची अडचण, आणि तो कृत्रिम माध्यमावर आजही वाढत नाही. बाबांनी आपलं शरीर पुढे केलं, जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

एका माणसावरच्या प्रयोगाला शास्त्रात फारशी किंमत नाही, हे खरं. पण तो प्रयोग जे सुचवतो ते आता पुरतं सिद्ध झालं आहे. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना या रोगाविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकटच्या सहवासातच तो पसरतो. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही. आणि औषध सुरू झालं की थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पुण्यातल्या मावशी ज्या दिवशी गोळ्या घेऊन घरी आल्या, त्याच्या आधीची कित्येक वर्षं वहिनी त्यांच्या हातच्या पोळ्या निर्धास्त खात होत्या. धोका जर कधी होता तर तो तेव्हा होता. त्या बऱ्या व्हायला लागल्या तेव्हा घराला भीती वाटू लागली.

बाबांनी १९५१ मध्ये आनंदवन सुरू केलं तेव्हाची परिस्थिती आज डोळ्यांपुढे आणणं कठीण आहे. त्याआधीच्या काळात औषध म्हणजे चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं, दुखरी आणि बेभरवशाची. डॅप्सोन नुकतं येऊ लागलं होतं, आणि ते वर्षानुवर्षं, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावं लागे. १८९८ चा कायदा भिकारी कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबायची मुभा देत होता. मुंबईत वडाळ्याला १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांनी काढलेलं निराधार कुष्ठरुग्णांचं केंद्र होतं, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेलं कुष्ठधाम होतं, अमरावतीला तपोवन होतं. घराने टाकलेल्या माणसाला राहायला, कमवायला, मान वर करून जगायला जागा हवी होती. ती या लोकांनी दगडधोंड्यांतून निर्माण केली. सहा रुग्ण, लंगडी गाय आणि खिशातले चौदा रुपये ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. त्या कामापुढे मी काय बोलणार? ज्या वृद्धांनी तिथे अर्धं आयुष्य काढलं, त्यांना आज 'घरी जा' म्हणणं क्रूरपणा ठरेल. त्यांचं घर तेच.

पण आनंदवन उत्तर होतं ते 'घराने टाकलं तर काय' या प्रश्नाचं. आपण मराठी लोकांनी त्या उत्तरालाच रिवाज करून टाकलं. आता घराने टाकायला एक सन्माननीय जागा आहे, असं आपल्या मनाने कधीतरी परस्पर ठरवून टाकलं. सहलीला आनंदवनात जायचं, तिथल्या सतरंज्या आणि शुभेच्छापत्रं घ्यायची, 'स्वरानंदवन' वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात उभं राहून टाळ्या वाजवायच्या, देणगीची पावती जपून ठेवायची आणि आपल्याच इमारतीतल्या कोणाला रोग झाला तर वरोऱ्याचं तिकीट काढून द्यायचं. माणसाला दयेपेक्षा काम हवं, हे बाबा सगळी हयात सांगत राहिले. मावशींना काम होतं. तेच आपण काढून घेतो.

मला या संदर्भात बाबांपेक्षा सेवाग्राम जास्त आठवतं. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन १९३९ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमात आले. येरवड्याच्या तुरुंगात ओळख झालेली. आश्रमातल्या लोकांच्या मनात भीती होती, ती गांधीजींनी दडपली नाही, तिच्याशी बोलले. मग आपल्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी झोपडी बांधून घेतली आणि रोज जाऊन त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालिश केलं. ती कुटी अजून आहे, सेवाग्रामला गेलात तर बघा. शास्त्रीबुवा पुढे दत्तपूरला गेले आणि तिथेच वारले, तेही नाकारता येत नाही. पण धड औषध नव्हतं त्या काळात, लहान मुलं आणि स्वयंपाकघर असलेल्या वसाहतीत एका कुष्ठरुग्णाला अंगणापलीकडे ठेवून घेतलं गेलं. आपल्याकडे औषध आहे आणि अंगण नाही, असं काहीसं झालंय.

औषधाचं सांगते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एका औषधाऐवजी रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली, कारण एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. हा बहुविध उपचार भारतात सगळ्यात आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला वर्धा होता आणि इथला पुरुलिया. रोग सौम्य असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा. गोळ्यांचं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आयुष्यभराचं काहीही नाही. जगातल्या सर्वांत जुन्या रोगांपैकी हा एक, आणि तो बरा करायला दवाखान्यात भरतीसुद्धा व्हावं लागत नाही.

मग २००५ चा डिसेंबर आला. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणून सार्वजनिक आरोग्याची समस्या या अर्थाने कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्या वाक्यातला मधला अर्थ गळला आणि लोकांनी फक्त 'निर्मूलन' ऐकलं. देवीसारखा हाही गेला, असं सुशिक्षितांनी समजून घेतलं. कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. कोपराची नस चाचपता येणारी माणसं निवृत्त होत गेली, आणि नव्या डॉक्टरांच्या शिक्षणात हा रोग अर्ध्या तासाचा विषय उरला. २०२३ मध्ये जगात १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले, त्यांतले एक लाखाहून अधिक भारतात. म्हणजे निम्म्याहून जास्त. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, पालघर ही नावं महाराष्ट्राच्या यादीत अजून वर असतात. चंद्रपूर म्हणजे वरोऱ्याचाच जिल्हा, हे लक्षात घ्या.

माझं काम गोळ्यांच्या नंतर सुरू होतं, म्हणून मला त्याबद्दल जरा लांबण लावू द्या. गोळी जंतू मारते, मेलेली नस जिवंत करत नाही. नस दुबळी व्हायला लागून सहा महिन्यांच्या आत माणूस सापडला तर प्रेडनिसोलोनच्या उपचाराने पुष्कळदा ताकद परत येते. उशीर झाला की बोटं वाकतात, पाऊल लोंबतं, डोळा मिटेनासा होतो. बोटं झडतात असं लोक म्हणतात, पण ती रोगाने झडत नाहीत. चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं जातं, बिडी बोटांत संपेपर्यंत जळते, चपलेतून खिळा आत आलेला असतो आणि माणूस त्यावर दिवसभर चालतो, रात्री उंदीर पायाचं बोट कुरतडतो आणि जाग येत नाही. जखम, तिच्यात पू, मग हाड सडतं. वेदना नावाचा राखणदार गेल्यावर जे होतं ते हे.

त्यामुळे आम्ही माणसांना डोळ्यांनी वेदना बघायला शिकवतो. रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचा. साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजवायचा, जाड कातडी दगडाने हळू घासायची, ओलेपणीच तेल लावायचं, म्हणजे भेगा पडत नाहीत. पाणी गरम आहे का ते पायाने नाही, चांगल्या हाताच्या कोपराने तपासायचं. पातेल्याला लाकडी मूठ, चहाला कानाचा कप. दोन बोटांत कागदाचा तुकडा धरायला सांगून मी तो ओढते, सुटला तर स्नायू दुबळा झालाय. शिलाईवाल्याच्या हातातून तो सुटत होता, पण थोडासा. त्याला स्टेरॉइड सुरू झालं, रात्री बांधायची पट्टी दिली. मालकाला मी स्वतः भेटले. सुईच्या कामाऐवजी त्याला कापणीच्या टेबलावर बसवा म्हटलं. मालक हुशार निघाला. म्हणाला, कात्रीही कापतेच की. मग त्याला इस्त्री नको, शिलाई नको, कात्री नको, तर ठेवला घडी-पॅकिंगवर, त्याच पगारात. ही कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी गोष्ट नाही, पण मला विचाराल तर तो पोरगा त्यामुळेच औषध पुरं करू शकला.

कारण औषध सोडायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. क्लोफाझिमिनने कातडी काळसर, तांबूस होते. औषध थांबल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होतो, पण नव्या सुनेने ते महिने कसे काढायचे? सासूच्या आधी शेजारीण विचारते, "एतो कालो होये गेले केनो?" इतकी काळी का पडलीस? रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते, रक्त पडतंय म्हणून माणूस घाबरतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं काढून हे सांगितलं तर कोणी औषध सोडत नाही. सांगायला ती पाच मिनिटं नसतात.

चपलेची कथा तर निराळीच. संवेदना गेलेल्या पायाला मऊ रबरी तळाची खास चप्पल लागते, ती सरकार देतं. वर्षानुवर्षं ती एकाच ठरावीक धाटणीची, काळी निघत आली. गल्लीतल्या पोरांनाही कळतं की ही कोणाची चप्पल. म्हणून बायका ती दवाखान्याच्या दारात घालतात आणि कोपऱ्यावर पिशवीत टाकून अनवाणी घरी जातात. आता काही ठिकाणी तोच तळ साध्या दिसणाऱ्या सँडलला लावून देतात. इतकी साधी गोष्ट सुचायला आपल्याला इतका काळ का लागला, असा विचार मनात येतो तेव्हा तो मी फार वेळ करत नाही, चीड येते.

प्रतिबंधाचंही तसंच. रुग्णाच्या घरच्यांना आणि निकटच्या लोकांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिली तर त्यांचा धोका कमी होतो. भारताच्या कार्यक्रमात ती २०१८ पासून आहे. घरच्यांना देता येते. शेजाऱ्यांना द्यायची तर त्यांना कारण काय सांगायचं? आशाताई एका दारात गोळी घेऊन उभी राहिली की सगळी गल्ली बोटं मोजायला लागते की कोणाच्या घरात. रुग्ण मग म्हणतो, नको, शेजाऱ्यांना देऊ नका. ज्या भीतीपोटी लोक कुष्ठरुग्णाला दूर लोटतात, ती भीतीच त्यांच्या हातची गोळी काढून घेते.

कायद्याने मध्यंतरी बरंच आवरलं. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये निघालं. म्हणजे औषधाने सहा-बारा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या रोगावरून नवरा बायकोला कायदेशीरपणे सोडू शकत होता, अगदी परवापरवापर्यंत. २००८ मध्ये, बाबा आमटे गेले त्याच वर्षी, ओडिशातल्या एका निवडून आलेल्या नगरसेवकाला कुष्ठरोगामुळे अपात्र ठरवणं सर्वोच्च न्यायालयाने वैध मानलं. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये मात्र भेदभाव थांबवण्यासाठी सरकारांना सविस्तर आदेश दिले. विधी आयोगाने २०१५ मध्ये भेदभावविरोधी कायद्याचा मसुदाच तयार करून दिला होता. तो कायदा झालेला नाही. आणि कायदा न लिहिताही होणारे भेदभाव आहेत. रेशनच्या दुकानातलं यंत्र अंगठा मागतं, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. डोळ्याच्या बुबुळाचा पर्याय आहे म्हणतात, पण न मिटणाऱ्या डोळ्यावर फूल पडलेलं असेल तर तोही बंद.

इथून लोकलने सियालदहला जाऊन, दुसरी लोकल पकडून उत्तरेला टिटागढला जाता येतं. तिथे रेल्वेरुळांच्या कडेला मदर तेरेसांनी उभं केलेलं गांधीजी प्रेम निवास आहे. जगभरातल्या त्यांच्या सिस्टर्स जी निळ्या काठाची पांढरी साडी नेसतात, ती तिथल्या मागांवर विणली जाते, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या हातांनी. मी तिथे जाते ती कामासाठी, मागावरच्या मुठी कशा बदलल्यात ते बघायला. वाकलेल्या बोटांना धोटा फेकता यावा म्हणून केलेल्या लहान लहान सोयी बघून डोकं शांत होतं. पण तिथेही तेच मनात येतं. हे हात माग चालवू शकतात, तर गावातल्या कुठल्याही कारखान्यात चालवू शकले असते. रुळांच्या कडेला, भिंतीच्या आत, आपल्याच लोकांत चालवावे लागले, एवढाच त्यांचा दोष.

वसाहतींतल्या मुलांची अवस्था आणखी विचित्र. त्यांना रोग कधीच झालेला नसतो, पण पत्ता असतो. नोकरीच्या अर्जावर वसाहतीचं नाव लिहिलं की मुलाखतीचं बोलावणं येत नाही, म्हणून ती मावशीचा, मित्राचा पत्ता लिहितात. आनंदवनात सोय करा म्हणणाऱ्या माणसाने एकदा विचार करावा की आपण एका बाईची सोय करतो आहोत की तिच्या नातवाच्या पत्त्याचीही.

म्हणून माझं म्हणणं अगदी छोटं आहे. संस्थांना देणगी द्या, जरूर द्या, म्हाताऱ्यांना सांभाळायला पैसा लागतो. पण नव्या रुग्णाला संस्थेत पाठवू नका. त्याला त्याच्या घरात, त्याच्या कामावर, त्याच्या नेहमीच्या बाकावर ठेवा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, कारखान्याच्या मुकादमांनी, शाळेच्या मुख्याध्यापकांनी एवढं केलं तर आमच्यासारख्यांचं निम्मं काम कमी होईल. लोक चट्टा लपवतात ते कामावरून काढतील म्हणून. काम टिकतं हे एकदा दिसलं की ते चट्टा दाखवायला लवकर येतात, आणि लवकर आले की बोटं वाकत नाहीत. यात परोपकार कुठेही नाही, सगळा व्यवहार आहे.

आणि वर्तमानपत्रांना एक विनंती. दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, आपल्याकडे कुष्ठरोग दिन पाळतात. २०१७ पासून त्या दिवशी 'स्पर्श' अभियानात गावोगाव ग्रामसभेत शपथही वाचली जाते. त्या दिवशीच्या अंकात बाबा आमट्यांचा बंडी घातलेला फोटो असतो, नाहीतर झडलेल्या बोटांचे जोडलेले हात. वाचक मान झुकवतो आणि पान उलटतो, कारण त्याच्या घरात कोणाचे हात तसे नाहीत. या वर्षी तिथे नुसत्या चट्ट्याचा फोटो छापा. सावळ्या पाठीवरचा, नाण्याएवढा, कडा अस्पष्ट, रंग आजूबाजूपेक्षा जेमतेम फिका, असा की नीट पाहिल्याशिवाय दिसू नये. रंगीत छापा आणि मोठा छापा. खाली लिहा की यावर कापसाचा बोळा फिरवून बघा, डोळे मिटून. कळलं नाही तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या फुकट आहेत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जा.